नकोचा अनुवाद

फिनलंडमधल्या ओउलूत पोचली त्या दिवशी संपदा हाजगुडेला कुणी उपाशी ठेवलं नाही. ती आपण होऊन राहिली.

खो-खो क्लबच्या खाणावळीत लांबलचक टेबलाला मुली बसल्या होत्या. त्यातली हिल्ला नावाची एक, खांद्यांनी रुंद आणि भुवयांपर्यंत पांढुरकी, कॉफीची किटली आणि वेलदोडा घातलेले गोड पाव घेऊन संपदापाशी आली आणि इंग्रजीत म्हणाली, "कॉफी? पाव?"

वेलदोड्याचा वास नाकात गेला. पोटात सकाळपासून काही नव्हतं. संपदा हसून म्हणाली, "नो, नो, थँक्यू."

आता संपदाच्या गावी, परंड्यात, या पहिल्या नकाराचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो: हो, पण मी काही हावरी नाही. यापुढे यजमानीण "अगं घे की" म्हणते, पाहुणी "खरंच नको" म्हणते, यजमानीण पाव थेट ताटलीत टाकते आणि पाहुणी "कशाला एवढं" म्हणत तो संपवते. सगळं पिढ्यानपिढ्या नीट लावून दिलेलं आहे. पण हिल्लाला तिच्या वाट्याची वाक्यं कुणी दिलेली नव्हती. ती "ओके" म्हणाली आणि किटली घेऊन पुढं गेली.

संध्याकाळी सूप आलं. तेही असंच आलं आणि असंच गेलं. शेवटी खोलीवर जाऊन संपदानं पिशवीतला आईनं दिलेला चिवडा काढला आणि महिनाभर पुरवायचा तो एका बैठकीत अर्धा केला.

साल होतं दोन हजार चव्वेचाळीस. खो-खो तोवर मॅटवरून युरोपात शिरून अकरा देशांत रुजला होता. फिनिश मुलींकडं दम होता, चिकाटी होती, पाय लांब होते. एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे आवाज. बसलेल्या गड्याच्या पाठीला हात लावून 'खो' असं खणखणीत ओरडायचं, हा खेळाचा नियम. या मुली ते अशा बेतानं म्हणायच्या की जणू बसलेलीच्या घरी काही वाईट घडलं आहे. पंचांना ऐकू जायचं नाही आणि फाउल व्हायचा. म्हणून क्लबनं धाराशिव जिल्ह्यातून एक खेळाडू मागवली. तिनं पळायचं आणि फावल्या वेळात बाकीच्यांना ओरडायला शिकवायचं.

करार एका हंगामाचा होता. एका क्लबला परदेशी खेळाडू एकच घेता यायची. पुढच्या वर्षी हीच ठेवायची की दुसरी आणायची, हे अंतिम सामन्यानंतर प्रशिक्षिका तार्या ठरवणार होती. तार्या पन्नाशीची, उंच, कमी बोलणारी. कमी म्हणजे ओउलूच्या मानानंही कमी. संपदा तिला "मॅडम" म्हणायची आणि तार्या प्रत्येक वेळी मागं वळून कोण आलंय ते बघायची.

संपदाला दुसरा हंगाम हवा होता. धाराशिव जिल्ह्यात तिच्यासारखं पळणाऱ्या मुली दर गावात निघतात. निवड समितीनं तिला दोनदा "पुढच्या वर्षी बघू" म्हणून घरी पाठवलं होतं. इथं ती पळणाऱ्या तिघींच्या पहिल्या तुकडीत होती. परंड्याला परत जायचंच, पण जावंसं वाटलं म्हणून. परत पाठवलं म्हणून नव्हे, एवढाच तिचा हट्ट होता.

आठवड्यानं तिचं 'तुल्की' आलं. तुल्की म्हणजे दुभाष्या. कानामागं चिकटणारं, चिंचोक्याएवढं यंत्र. क्लबमध्ये सगळ्यांना ते होतं; संपदाची नोंदणी व्हायची होती, इतकंच.

हे यंत्र समजून घ्यायला हवं. शब्दाला शब्द लावून देणारी यंत्रं तेव्हा जुनी झाली होती. त्यांचं भाषांतर बरोबर असायचं आणि माणसांचे घोळ तसेच राहायचे. मग एका प्रयोगशाळेनं प्रश्नच बदलला. माणूस काय बोलला ते सोडा; बोलल्यानंतरच्या दहा मिनिटांत त्यानं काय केलं? देशोदेशीच्या हजारो कुटुंबांनी संमती देऊन वर्षभर घरात कॅमेरे चालू ठेवले. यंत्रानं प्रत्येक वाक्यापुढं त्यानंतरची कृती मांडली. महाराष्ट्रातल्या घरांत पाहुण्यानं 'चहा नको' म्हटलं, तर शंभरातले एक्याऐंशी पाहुणे दहा मिनिटांत चहा पीत होते. 'निघतो आता' म्हणणारा सरासरी सव्वीस मिनिटं दारात उभा असे. फिनलंडमध्ये 'नको' म्हणणाऱ्या शंभरातल्या सत्त्याण्णवांनी खरोखरच काही घेतलं नाही, आणि 'निघतो' म्हणणारा बघेपर्यंत गेलेला असे.

यंत्र याला संस्कृती म्हणत नव्हतं. ते संभाव्यता म्हणायचं. तुल्की शब्दांऐवजी या पुढच्या दहा मिनिटांचा अनुवाद करी. सोबत आवाजातला कंप आणि श्वासाची लय जमेला धरी. संपदानं "नको" म्हटलं की हिल्लाच्या कानात फिनिश भाषेत उमटे: 'हिला हवं आहे. आणखी दोनदा विचारा.'

पहिला महिना स्वर्गसुखाचा गेला. पाव मिळाले, सूप मिळालं. हिल्ला आग्रह करायला शिकली आणि नवशिक्याच्या उत्साहानं करायला लागली. तुल्कीचं मराठी मात्र आकाशवाणीच्या जुन्या निवेदिकेचं होतं. हिल्ला काहीतरी दोन शब्द पुटपुटायची आणि संपदाच्या कानात यायचं, "अहो, एवढंसंच घ्या, माझ्यासाठी तरी घ्या."

"हिल्ला खरंच असं म्हणाली?" संपदानं एकदा यंत्राला विचारलं.

"त्या म्हणाल्या, 'खा'," यंत्रानं प्रामाणिकपणे सांगितलं.

पंचाईत सुरू झाली ती काळ्या गोळ्यांपासून. तिकडं एक खारट, काळी गोळी मिळते. लहान मुलं ती आवडीनं खातात, यावरून त्या देशातलं बालपण किती खडतर असावं याची कल्पना येते. हिल्लानं पुडी पुढं केली. संपदानं एक चघळली आणि तिला बॅटरी चाटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुडी पुन्हा आली.

"नको," संपदा म्हणाली. अगदी मनापासून.

"घ्या हो," कानात आलं.

"खरंच नको गं."

"आमच्याकडे आल्यावर नाही म्हणायचं नाही."

समोर हिल्ला एवढी आशेनं बघत होती की संपदानं गोळी घेतली. दहा मिनिटांच्या आत घेतली. यंत्रानं मनाशी खूण केली: नको म्हणाली, खाल्ली. अंदाज बरोबर.

यातली गोम अशी, की माणसं सरासरीबरहुकूम नसतात हे यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. म्हणून तुल्की ज्याच्या त्याच्या वागण्यावरून शिकत जाई. पण ते ज्या वागण्यावरून शिकत होतं, ते वागणं त्याच्याच सांगण्यावरून झालेल्या आग्रहातून आलेलं होतं. संपदा नको म्हणे, यंत्र आग्रह करवी, संपदा भिडेखातर खाई आणि यंत्राची खात्री आणखी वाढे. तिसऱ्या महिन्यात तिच्या 'नको'चा अर्थ 'हो' असण्याची संभाव्यता शंभरात चौऱ्याण्णववर गेली. ती नाही म्हणेल तितकी गोळ्यांची पुडी मोठी होत होती.

तरी गोळ्यांवर भागलं असतं तर ठीक होतं.

जानेवारीत सरावाच्या वेळी तिचा गुडघा खांबाला घासला. कातडं सोललं, दुसरं काही नाही. तार्यानं येऊन विचारलं, "दुखतंय?"

"छे छे, काही नाही," संपदा म्हणाली. आणि खरंच काही नव्हतं.

तार्या थांबली. तिच्या कानात काहीतरी बोललं जात होतं, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. आता महाराष्ट्राच्या मैदानांवर 'काही नाही' म्हणणाऱ्या खेळाडूंचं पुढं काय होतं, तेही यंत्राला पाठ होतं. शंभरातले अठ्ठ्याऐंशी रात्री घरी जाऊन पाय बर्फात घालून बसलेले असत. परंड्याच्या गुंड सरांच्या हाताखाली तर 'दुखतंय' हा शब्द मैदानावर आणायची सोयच नव्हती. मोडलेल्या बोटानिशी पाच डाव खेळलेल्या मुलीचा फोटो त्यांनी कार्यालयात लावला होता.

"एक सामना विश्रांती," तार्या म्हणाली.

"अहो मॅडम, खरंच काही झालेलं नाही! बघा, उड्या मारून दाखवते!"

तिनं उड्या मारल्या. तार्याच्या चेहऱ्यावर कणव दाटून आली. विश्रांती दोन सामन्यांची झाली.

संपदा वैतागली, पण डोक्यानं तल्लख होती. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच प्रश्न आला. घसरून पडली होती, लागलं बिलकूल नव्हतं. तिनं विचार केला: हे बेणं माझं सगळं उलटं घेतं ना? मग उलटंच सांगू. ती म्हणाली, "हो. दुखतंय."

तार्या पांढरी पडली. आधीच पांढरी असल्यामुळं हे चटकन लक्षात आलं नाही. यंत्रानं तिला सांगितलं होतं: 'या समाजातली खेळाडू दुखतंय असं उघड म्हणते, अशी उदाहरणं अत्यंत कमी आहेत. त्या प्रत्येक उदाहरणात हाड मोडलेलं होतं.' आठ मिनिटांत रुग्णवाहिका आली. संपदाला पट्ट्यांनी बांधून उचललं, दोन तास बोगद्यासारख्या यंत्रात घातलं आणि काहीही न सापडल्यामुळं डॉक्टरांनी आणखी एक दिवस ठेवून घेतलं. तो सामनाही गेला.

हिल्ला इस्पितळात भेटायला आली. गोळ्या घेऊन आली.

त्या मुक्कामात आईचा फोन आला. परंड्याच्या बाजारपेठेत तिच्या आईचं मिरची-मसाल्याचं कांडप होतं. फोनवर मागं त्याची धडधड कायम असायची.

"काय करायलीस?"

"काही नाही, पडलेय. तू कशी आहेस?"

"मला काय धाड भरलीय? मी बरी हाय."

संपदानं आयुष्यात प्रथमच एक गोष्ट केली. आईचा आवाज तिनं तुल्कीकडं वळवला. मराठीचा मराठीत अनुवाद. क्षणभरानं निवेदिका म्हणाली, "आवाजात कंप आहे, श्वास अडखळतो आहे. आई रडत असण्याची शक्यता बरीच. तुम्ही परत यावं असं त्यांना वाटतं."

संपदा खाटेवर उठून बसली. "आई, मी परत येऊ का?"

"का गं? खेळायचं सोडून? येडी का खुळी?"

"म्हणजे हो," निवेदिका हळूच म्हणाली.

"आई, तू रडायलीस."

"रडतीय कशाला? लवंगी मिरची टाकलीया कांडपात, ठसका लागलाय. शेजारचा शिंपी बी खोकतोय, त्याला बी तुझी आठवण येतीया का?"

संपदानं यंत्राचं सगळं सांगितलं. मग आईनं कांडप बंद केलं. ती गिऱ्हाईक समोर असताना कांडप कधी बंद करत नसे.

"खोटं नाही म्हणत ते," आई म्हणाली. "यावंस असं वाटतंच की. सकाळ-संध्याकाळ वाटतं. पण मी ते बोलले का? बोलले नाही. का नाही बोलले, ते तुझ्या मशिनीला इचार. मनात सतरा गोष्टी असत्यात, संपे. त्यातली कंची भाईर काढायची ते माझं मी ठरवते. कानातल्यानं नाही ठरवायचं. काढ बरं ते."

संपदानं ते काढलं. दोघी नंतर अर्धा तास मिरचीच्या भावाबद्दल बोलल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, ही मुलगी रडते आहे. तिच्या तुल्कीनं काय सांगितलं ते कळलं नाही, पण तिनं मुकाट्यानं कागदी रुमालांचा डबा सरकवला.

त्या दिवसापासून संपदाला तुल्कीचा राग राहिला नाही. धास्ती मात्र बसली. यंत्र चुकतं म्हणून नव्हे. ते बऱ्याचदा बरोबर असायचं म्हणून. आईच्या बाबतीत ते बरोबरच होतं, आणि तरी आईनं जे सांगितलं नाही ते ऐकून घेणं, हे कुणाची पत्र्याची पेटी उघडून बघण्यासारखं होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीला उपांत्य सामना झाला. संपदा साडेचार मिनिटं पळाली, ओउलू जिंकलं. साडेचारापैकी शेवटच्या मिनिटात डावीकडं वळताना गुडघ्याच्या आत काहीतरी सुतळी ओढल्यासारखं ओढलं गेलं. या वेळी खांब नव्हता, घसरणं नव्हतं, कातडं शाबूत होतं. संपदाला लगेच कळलं, की हे खरं आहे. आनंदाच्या गलक्यात ती नीट चालत कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि कुणी विचारायच्या आत मागच्या दारानं बाहेर पडली.

संध्याकाळी सातला बाहेर काळोख झालेला. पारा उणे अठ्ठावीस. बसथांब्यावर तार्या उभी होती. तिची मोटार थंडीनं सुरू होत नव्हती. तिथल्या रिवाजाप्रमाणं संपदा तिच्यापासून दोन हात लांब उभी राहिली.

तार्यानं कानाकडं हात नेला, यंत्र काढलं, त्यावर फुंकर मारली आणि खिशात टाकलं. एवढ्या थंडीत त्या चिंचोक्यातली बॅटरी मान टाकते. संपदाचंही गप्प झालेलं होतं. इंग्रजी नावाची एक जुनी सोय दोघींना थोडी थोडी येत होती. तुल्की आल्यापासून तिला गंज चढला होता, पण चालली.

"गुडघा?" तार्यानं विचारलं.

"ठीक आहे," संपदा म्हणाली.

तार्यानं मान हलवली. "छान." आणि ती रस्त्याकडं बघू लागली.

बस यायला सहा मिनिटं होती. तसा फलक होता, आणि तिथले फलक खरं बोलतात.

संपदा वाट बघत राहिली. बसची नव्हे. दुसऱ्यांदा विचारण्याची. "खरंच ठीक आहे ना?" असं कुणीतरी म्हणेल, मग आपण "हो हो" म्हणू, मग तिसऱ्यांदा विचारतील, तेव्हा खाली बघू आणि मग काय ते निघेल. घरी असंच निघायचं. इथं पाच मिनिटं उरली तरी तार्या रस्त्याकडंच बघत होती. तिनं विचारलं होतं, उत्तर मिळालं होतं, तिनं ते ठेवून घेतलं होतं.

म्हणजे हंगामभर संपदाला जे हवं होतं ते अखेर घडलं होतं. तिच्या शब्दावर कुणीतरी जसाच्या तसा विश्वास ठेवला होता. आणि तो शब्द खोटा होता.

गप्प राहिलं तर अंतिम सामना आपला. पहिली तुकडी आपली. बस येईल, तार्या बसेल, संपलं. चार मिनिटं.

"मॅडम," संपदा म्हणाली. तार्यानं सवयीनं मागं बघितलं. "तार्या. ठीक नाही. मी खोटं बोलले. डावीकडं वळताना आत दुखतं."

तार्यानं तिच्याकडं पाहिलं. श्वासाची वाफ दोघींच्या मध्ये लोंबकळत होती.

"म्हणजे यंत्र आताही 'दुखतंय' असंच म्हणालं असतं. आणि बरोबर ठरलं असतं."

"आज. जानेवारीत नव्हतं. तेव्हा मला खरंच काही झालं नव्हतं. आणि तुम्ही मला बसवलंत." हे बोलताना संपदाचा आवाज चढला. धाराशिवचा आवाज, पलीकडच्या फुटपाथवरचा माणूस दचकला.

"तेव्हा तू काय म्हणालीस?"

"काही नाही झालं म्हणाले."

"आणि आज?"

"तेच," संपदा म्हणाली.

"झालेलं असताना आणि नसताना तू एकच वाक्य बोलतेस," तार्या म्हणाली. तिच्या मानानं हे भाषण होतं. "मग मी यंत्राला विचारू नको तर कुणाला विचारू?"

संपदानं रागवायला जागा शोधली, ती सापडली नाही.

बस आली. दोघी बघत उभ्या राहिल्या. बस थोडी थांबली आणि गेली.

"खेळायचंय?" तार्यानं विचारलं.

"हो."

"किती वेळ खेळू शकशील?"

असा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. गुंड सरांनी विचारला असता तर एकच उत्तर होतं: सर म्हणतील तितका. संपदानं डोळे मिटले आणि गुडघ्याला विचारलं. मनातल्या मनात डावीकडं वळून बघितलं, पुन्हा वळून बघितलं, वळणं मोजली.

"तीन मिनिटं," ती म्हणाली. "चौथ्यात तो जाईल."

"तीन म्हणजे तीन. तू सांगशील त्या आकड्यावर मी संघ लावणार."

क्लबच्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी गुडघा तपासला, घट्ट पट्टी बांधली आणि तीन मिनिटांना हरकत घेतली नाही, चौथ्याला घेतली.

अंतिम सामना पोलंडमधल्या ग्दान्स्कच्या संघाशी होता. सामन्यात तुल्की लावायला बंदी असते, त्यामुळं सगळ्यांचे कान मोकळे होते. शेवटच्या पाळीत ओउलूच्या मुली पळत होत्या आणि दोन गुणांनी पुढं होत्या. संपदाला तार्यानं तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या तुकडीत ठेवलं होतं. आधीच्या दोन तुकड्या टिकल्या तर तिची गरजच पडली नसती. त्या टिकल्या, पण पुरत्या नाही. तीन मिनिटं वीस सेकंद उरली असताना संपदा, हिल्ला आणि आणखी एकजण मॅटवर उतरल्या.

परंड्याच्या शाळेत मोठा पडदा लावला होता. आई कांडप बंद ठेवून आली होती.

संपदा पळाली ती तिच्या आयुष्यातली सर्वांत नीट मोजलेली पळापळ होती. उजवीकडं सैल, डावीकडं जपून, खांबाला वळसा कमीत कमी. ग्दान्स्कच्या मुलींना तिची ढब कळेना. तिसरी मुलगी दुसऱ्या मिनिटाला बाद झाली. एका गुणाची आघाडी उरली. संपदाचं घड्याळावर लक्ष होतं. अडीच मिनिटं. पावणेतीन. डावीकडं एक वळण घ्यावंच लागलं आणि आतली सुतळी पुन्हा ओढली गेली.

तीन मिनिटं झाली. वीस सेकंद उरली होती. वीस सेकंदं कुणीही काढतं. गुंड सरांच्या कार्यालयातल्या फोटोतल्या मुलीनं हसत काढली असती.

समोरून आक्रमक येत होती. वाचायला डावीकडं वळायला हवं होतं. संपदानं हात वर केला आणि उजवीकडच्या रेषेबाहेर चालत गेली. रेषेबाहेर गेलेला गडी बाद. आघाडी संपली, गुण बरोबरीत आले.

प्रेक्षागृह शांत झालं. परंड्याच्या शाळेत मात्र अजिबात शांतता नव्हती. "अगं वीस सेकंदं!" गुंड सर पडद्याकडं बघून ओरडले, जणू तिला ऐकू जाणार होतं.

एकटी उरलेली हिल्ला सोळा सेकंदं पळाली. चार सेकंद बाकी असताना तिच्या खांद्याला हात लागला. ग्दान्स्क एका गुणानं जिंकलं.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी काही बोललं नाही. हा राग होता, दुःख होतं की नुसतं नेहमीचं ओउलू होतं, ते संपदाला ओळखता येईना. तुल्की कपाटात पडलं होतं. चिकटवलं असतं तर चटकन कळलं असतं. तिनं ते तिथंच राहू दिलं. हिल्ला येऊन शेजारी बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती चिडलेली होती, एवढं यंत्राविनाही दिसत होतं.

"वीस सेकंदं," हिल्ला इंग्रजीत म्हणाली.

"हो," संपदा म्हणाली. "नव्हती माझ्याकडं."

हिल्लानं विचार केला. मग बुटाची नाडी सोडता सोडता म्हणाली, "मी आज चिडणार. उद्या नाही." आणि उठून गेली. इतकं सोपं भांडण संपदानं आजवर पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी संध्याकाळी इस्पितळात गुडघ्याचं स्कॅन काढलं. आतला दोर विरला होता, तुटला नव्हता. आणखी एक-दोन वळणं घेतली असती तर शस्त्रक्रिया आणि वर्षभर घरी, असं ते म्हणाले. संपदानं ऐकून घेतलं. हरलेल्याला असल्या गोष्टींनी फारसं बरं वाटत नाही.

तार्या दाराशी उभी होती. हातात कागद होते. तिनं ते संपदाच्या पांघरुणावर ठेवले. वर पुढच्या हंगामाचं साल होतं. सहीची जागा मोकळी होती.

"हरलो तरी?" संपदानं विचारलं.

"मला तू सांगितलेली तीन मिनिटं मिळाली," तार्या म्हणाली. "उरलेल्या वीस सेकंदांचं नियोजन माझं चुकलं." मग तिनं खिशातून पेन काढलं आणि पुढं केलं. "पुढच्या वर्षी चार मिनिटं लागतील."

संपदानं गुडघ्याकडं पाहिलं. पेन घेतलं.

"साडेतीन," ती म्हणाली.